चादरीवरच्या एकवीस वस्तू

कामावर तिला नाडीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या जवळून. तिला त्याचा राग येत नसे. जिच्या पेनाला नाडी, टॉर्चला नाडी, खडूच्या डबीला नाडी आणि कॅमेऱ्याला एक सोडून दोन नाड्या, तिला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय?

ती फोटोग्राफर होती, पण फोटोग्राफर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसला प्रकार नव्हता. नवरा-नवरीला हनुवटी वर करायला लावणं, बाळापुढे खुळखुळा वाजवणं, पक्ष्यांच्या मागे चिखल तुडवणं, यातलं तिने काही केलं नाही. ती भेगांचे फोटो काढायची. पाण्याच्या टाक्या, कारखान्यांची धुराडी, पुलांचे खांब यांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं होती. इंजिनिअर खाली टेबलाशी बसून विचार करणार आणि त्याला लागणारं चित्र ही वर चढून आणणार. तीच भेग, तोच कोन, शेजारी तीच मोजपट्टी, दर सहा महिन्यांनी. भेग वाढली की नाही एवढंच त्या फोटोतून कळायला हवं. फोटो सुंदर आला म्हणून तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही, आणि भेगेला हसायलाही कधी सांगावं लागलं नाही.

आणि या बाईला उंचीची भीती वाटायची. पहिल्या दिवशी वाटली म्हणून कुणी नवल केलं नसतं. एकोणीस वर्षांनीही तितकीच वाटत होती. शिडीच्या पायऱ्या ती मोजत चढायची, कारण मोजताना दुसरा विचार डोक्यात शिरायला जागा राहत नाही. लहानपणी, हौशी फोटोग्राफर असताना, ती घराच्या गच्चीवर जाऊन ढगांचे आणि शेजाऱ्यांच्या मांजरांचे फोटो काढायची, तेही गच्चीच्या मधोमध उभी राहून. मांजर कठड्यावर गेलं की फोटो राहिला. अशा मुलीने पोटासाठी नेमकं हे काम का पत्करलं, असं विचारलं तर ती म्हणायची, "जाहिरात आली होती, मी अर्ज केला, त्यांनी घेतलं. उंचीचं मुलाखतीत कुणी विचारलंच नाही." आपण काय विचारणार पुढे?

पण स्वतः पडण्याची भीती ही तिची लहान भीती होती. कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला आकडा असतो, आकडा गजात अडकवलेला असतो. तिची मोठी भीती होती ती आपल्या हातून काहीतरी खाली पडण्याची. कारण खाली काका असायचे.

त्यांना सगळे खालचे काका म्हणत. वर चढणारा जो कोणी असेल त्याच्या सामानाची पिशवी दोरीला अडकवून वर पाठवायची, काम झालं की उतरवून घ्यायची, आणि अधल्यामधल्या वेळात वाळूच्या पोत्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "अहो, दिसत नाही का पट्टी लावलीय? लांबून जा" असं खेकसायचं, हे त्यांचं काम. माणूस मोठा खुशालचेंडू. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे.

तो हात तिने मोडला होता. म्हणजे तिच्या हातातून निसटलेल्या बॅटरीने.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका धुराड्यावर ती बॅटरी बदलत होती. ऊन होतं, बोटं घामेजली होती, बॅटरी सुटली. या धंद्यात एक नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत विसरायचा नसतो. काही निसटलं की आधी ओरडायचं, मग बघायचं. ओरडायचं एकच, "पडलं!" आणि ते ऐकणाऱ्याने काही झालं तरी वर बघायचं नाही, जवळची भिंत नाहीतर खांब गाठून पाठ टेकायची. वर बघणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तोच घात करतो. तर बॅटरी सुटली आणि तिने बघितलं. नुसतं बघितलं. तोंड उघडं होतं, पण आवाज घशातच अडकून बसला. बॅटरी लहान होत होत खाली गेली आणि काकांच्या खांद्यावर बसली.

काका दोन महिने प्लॅस्टरमध्ये होते. चौकशीत त्यांनीच सांगितलं की पोरीने हाक दिली होती, वाऱ्यामुळे मला ऐकू आली नाही. कागदावर वारा लागला आणि प्रकरण मिटलं. परत आल्यावर ते म्हणाले, "बरं झालं, आता मला कुणी हात वर करा म्हणणार नाही." सगळे हसले. ती हसली नाही. त्या दिवशी वारा नव्हता हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि सतरा वर्षांत दोघांपैकी एकानेही तो विषय काढला नव्हता.

घरी तिने वडिलांना फक्त इतकंच सांगितलं होतं, की बाबा, माझ्या हातून एक वस्तू पडली. बाबा शिंपी होते. त्यांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. मशीनवरची कापडं बाजूला केली, गोल विणलेली जाड नाडी काढली आणि म्हणाले, "काय काय घेऊन चढतेस ते सगळं इथे मांड." तिने पलंगावर चादर पसरली आणि मांडलं. दोन कॅमेरे, दोन लेन्स, चार बॅटऱ्या, कार्डांची डबी, मोजपट्टी, टॉर्च, खडू, पेन, वही, लेन्स पुसायचा कपडा, धूळ उडवायचा रबरी फुगा, कॅमेऱ्यावर घालायचं पावसाळी आच्छादन, हातमोजे, शिट्टी, पाण्याची बाटली, आणि हे सगळं मावणारी कॅनव्हासची पिशवी, तिला दोरीचा आकडा अडकवायची लोखंडी कडी. एकवीस वस्तू. बाबांनी त्या एका पुठ्ठ्यावर शाईने लिहून काढल्या आणि आठ दिवसांत एकेकीला नाडी शिवली.

कॅमेऱ्याच्या दुकानातला माणूस तुम्हाला दहा गोष्टी सांगेल. अमुक लेन्स घ्या, तमुक स्टँड घ्या, याशिवाय फोटो काढताच येणार नाही. त्यातल्या एकीलाही या पुठ्ठ्याच्या नखाची सर येणार नाही असं तिचं ठाम मत होतं. तयारी म्हणजे काय, तर आदल्या संध्याकाळी चादर पसरायची. ती वस्तू मांडणार, बाबा पुठ्ठा वाचणार, मग एकेक नाडी दोन्ही हातांत धरून तीन झटके देणार आणि म्हणणार, "हं." त्या "हं" शिवाय कुठलीही वस्तू पिशवीत जात नसे. साइटवर पट्टे, आकडे, दोर काका तपासायचे. नाड्या मात्र घरच्या, त्यांना घरातलाच शिक्का. सतरा वर्षं तो "हं" ऐकून ती चढली, आणि वर गेल्यावर पायांत कापरं भरलं की तोच आठवून उभी राहिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कुणालाही सांगितली नव्हती. गेलं वर्षभर तिला जवळचं दिसत नव्हतं. लांबचं लख्ख, पण वहीतले आकडे पाझरल्यासारखे व्हायचे, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर भेग आहे की केस आहे ते समजायचं नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय होणार? चाळिशी लागली, इतकंच. पण तिच्या बरोबरीच्या एका चढणाऱ्या फिटरला तपासणीत असंच काही निघालं आणि त्याला उचलून गोदामात बसवलं. खिळे मोजतो म्हणे. तेव्हापासून तिने धसका घेतला होता. वर चढायची भीती वाटायची आणि वर चढू दिलं नाही तर काय याची त्याहून जास्त वाटायची. चार फोटोंत भागायचं तिथे ती चाळीस काढू लागली, एखादा तरी नीट येईल म्हणून. वार्षिक तपासणीतला डॉक्टर लांबचा तक्ता वाचायला लावायचा, तो ती घडाघडा वाचायची.

शेवटी आठ दिवसांपूर्वी तिने चष्मा केला. नेहमीचा चौक सोडून तीन चौक पलीकडच्या दुकानातून, डोक्यावरून ओढणी घेऊन, चोरी करायला निघाल्यासारखं. आणि तो चष्मा तिने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. चादरीवर नाही.

त्या संध्याकाळी नेहमीसारखी चादर पडली. दुसऱ्या दिवशी एका वस्तीतली पाण्याची टाकी होती, पस्तीस मीटर उंच. टाकीच्या पोटाला गेल्या वेळी अडीच मिलिमीटरची भेग होती. बाबा पुठ्ठा घेऊन बसले. हल्ली त्यांना वेळ लागायचा. एकेक गाठ ते डोळे मिटून धरून बसत, बोटं फिरवत, मग झटके देत. तिला वाटायचं, वय झालं, पण काळजी कशी घेतात बघा.

"एकवीस?" बाबांनी विचारलं.

"एकवीस."

त्यांनी एकदा तिच्या छातीकडे, खिशाकडे बघितलं. ती वही सारखी करू लागली. मग ते म्हणाले, "हं," आणि पुठ्ठा भिंतीला लावून ठेवला.

सकाळी टाकीखाली इंजिनिअर आधीच येऊन उभा होता. कामाला चोख, बोलायला रोखठोक असा तरुण माणूस. "बाई, भेग तीनच्या वर गेली असेल तर आजच टाकी रिकामी करायची. दुपारच्या आत आकडा आणि फोटो हवा. खाली शंभर घरं आहेत." त्याने घरांकडे बोट केलं. कुणी कपडे वाळत घालत होतं, कुणी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. काकांनी पट्टी लावून जागा बंद केली, आपलं वाळूचं पोतं एका खांबाजवळ टाकलं, तिचा कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "जा वर. तिथे हवा बरी असते म्हणतात."

एकशे बारा पायऱ्या. साठाव्या पायरीला तळहात ओले झाले. नव्वदाव्या पायरीला तिने डोळे मिटून घेतले आणि हातांनीच पुढचा गज शोधला. वर टाकीभोवती हातभर रुंदीची लोखंडी जाळीची वाट होती आणि जाळीतून सगळं खाली दिसत होतं. तिने आकडा गजात अडकवला, पुन्हा ओढून बघितला, पुन्हा बघितला. मग दोरीने पिशवी वर ओढून घेतली.

भेग जागेवरच होती. तिने मोजपट्टी आडवी लावली, फोटो काढले, आधी रुंद लेन्सने, मग लांब लेन्सने. मग आजूबाजूला कुणी नाही हे पस्तीस मीटर उंचीवरसुद्धा एकदा बघून तिने चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आणि भेग अशी समोर आली की ती दचकलीच. कडा, आतली ओल, पट्टीवरची एकेक रेघ. सव्वातीन. तिने तीनदा वाचलं. सव्वातीनच. वर्षभरात पहिल्यांदा तिला आपलं काम दिसत होतं. गेल्या वेळी आपण अडीच लिहिलं ते खरंच अडीच होतं का, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. त्या घाबरलेल्या अवस्थेत तिने वहीत आकडा लिहिला, सगळं पिशवीत भरलं, कडीला दोरीचा आकडा लावला आणि खाली शिट्टी दिली. चष्मा डोळ्यांवरच राहिला. नव्या चष्म्याची सवय नसते, आहे तेही लक्षात राहत नाही.

काका पट्टीच्या आत आले आणि पिशवीकडे बघत उभे राहिले. पिशवी उतरवून घेताना वर बघावंच लागतं. ती दोन्ही हातांनी दोर सोडत होती, आठ किलोचं ओझं हळूहळू खाली जात होतं. पिशवी टाकीच्या कडेला घासते का ते बघायला ती कठड्यावरून वाकली. घामाने नाक ओलं होतं. चष्मा सरकला.

तिला कळलं. एक हात सोडून धरता आला असता, पण मग दोर निसटला असता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर क्षणभर थांबला, आणि गेला.

पस्तीस मीटरवरून वस्तू खाली जायला तीन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं याची तिला पुढे कित्येक दिवस शरम वाटत राहिली. चष्माच तर आहे, वजन ते किती. ओरडले तर इंजिनिअर विचारेल काय पडलं. वाऱ्याने बाजूला जाईल. मग गोदाम, खिळे. आणि खाली काकांचं वर केलेलं तोंड, उघडे डोळे. घसा तसाच आवळला, सतरा वर्षांपूर्वी आवळला होता तसाच, अगदी त्याच जागी.

"पडलं!"

आवाज कसला, किंचाळीच होती ती. खाली कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा दचकून थांबली. काकांनी वर बघायचं सोडलं, दोन पावलांत खांब गाठला आणि पाठ टेकली. या वयात माणूस इतका चपळ हलेल असं वाटलं नसतं. चष्मा ते उभे होते तिथून वीतभर अंतरावर, दगडावर आपटला.

ती दोर धरून तशीच उभी होती. पिशवी मध्ये लोंबकळत होती. खालून काकांचा आवाज आला, "ठीक आहे. सोड हळूहळू." तिने सोडली. मग एकशे बारा पायऱ्या उतरली. त्या मोजायचं तिला सुचलं नाही.

ती खाली आली तेव्हा काकांच्या मुठीत चष्मा होता. एक काच फुटली होती, दुसरी शाबूत. इंजिनिअर रजिस्टर घेऊन येतच होता. वरून काही पडलं की लागो न लागो, लिहावं लागतं.

काका हळूच म्हणाले, "माझा म्हणून सांगतो. खिशातून पडला माझ्या. मला लागतोच वाचायला, कोण बघतंय?"

"नको."

"अगं, तुला तिकडे खिळे मोजत बसवतील."

"काका," ती म्हणाली, "तेव्हा वारा नव्हता."

काकांनी तिच्याकडे बघितलं. उजव्या हाताने डावा खांदा जरा चोळला, जसा ते गारठ्यात चोळायचे. "माहीत आहे," ते म्हणाले. "मी तिथेच होतो की." आणि चष्मा तिच्या हातात दिला.

इंजिनिअरला तिने सगळं सांगितलं. चष्मा माझा, वाचायला लागतो, वर्षभर लागतोय, मी लपवला. आजचा आकडा सव्वातीन, चष्मा लावून तीनदा वाचलाय. त्याने पिशवीतल्या कॅमेऱ्यावर फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली. टाकी रिकामी करायचा निरोप त्याने तिथूनच फोनवर दिला. मग विचारलं, "गेल्या वर्षभराचे आकडे?"

"पुन्हा बघावे लागतील."

"चष्मा लावून माणसं चढतात, बाई," तो म्हणाला. "लपवून नाही चढत." त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, तिने सही केली, आणि डोळ्यांची रीतसर तपासणी होईपर्यंत तिचं चढणं बंद झालं. तो वाईट बोलला नाही, आवाजही चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आली तेव्हा चार वाजले होते. बाबा खिडकीशी बसले होते. मशीनवर कापड घातलेलं होतं, पण पाय चालत नव्हते. तिने पलंगावर चादर पसरली, पिशवी रिकामी केली, एकवीस वस्तू मांडल्या आणि शेवटी फुटका चष्मा ठेवला.

"बाविसावी," ती म्हणाली.

बाबा उठून आले. चष्म्याकडे बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मशीनचा खण उघडला आणि एक बारीक नाडी काढून तिच्यासमोर धरली. दोन्ही टोकांना फास, चष्म्याच्या दांड्या अडकतील अशा मापाचे.

"आठ दिवस झाले करून," ते म्हणाले. "तुझा शर्ट धुवायला टाकताना खिशात दिसला मला. म्हटलं, ठेवेल चादरीवर स्वतःहून. रोज वाट बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "काकांचा डोळा गेला असता, बाबा! वर बघत होते ते! तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही हं म्हणालात!"

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ त्यांनी नाडी बोटांभोवती गुंडाळली आणि सोडली. मग म्हणाले, "कुठल्या तोंडाने बोलणार? मी तरी कुठे सांगितलंय तुला."

"काय?"

"बोटांना कळत नाही मला. हिवाळ्यापासून. सुई टोचली तरी रक्त दिसल्यावर समजतं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू तिला ते बाहेरून बघून काही उमगणार होतं. "झटका देतो तेव्हा किती जोर लागला ते कळत नाही. गाठ घट्ट आहे की सैल, काही नाही. सांगणार होतो. मग वाटलं, सांगितलं की तू चादर घालायची थांबशील."

ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. हिवाळ्यापासून. त्या दोन धुराड्यांपासून, त्या पुलापासून, आजच्या टाकीपर्यंत. तो "हं" आठवून ती वर उभी राहिली होती आणि त्या "हं"मध्ये कुणी नव्हतं. आणि शिवणीवर नजर टाकली तरी जिला टाके दिसत नव्हते अशी ती. दोघांनी मिळून हे सगळं ओझं वर्षाचा बराचसा काळ काकांच्या डोक्यावर टांगून ठेवलं होतं.

तिने फुटका चष्मा उचलला. शाबूत काच एका डोळ्याशी धरली, दुसरा डोळा मिटला, कॅमेऱ्यातून बघताना मिटते तसा. आणि एकेक नाडी उजेडाशी नेऊन बघू लागली. बाबा शेजारी पुठ्ठा धरून बसले आणि नावं वाचत गेले. पेन ठीक. टॉर्च ठीक. मोजपट्टीची गाठ सैल, बाजूला. बॅटऱ्या ठीक. लांब लेन्सची गाठ ठीक, पण नाडी टोकाला उसवायला आलेली, बाजूला. बाबांचा आवाज प्रत्येक नावाला बारीक होत होता.

एकविसावी वस्तू पिशवी. तिची लोखंडी कडी बाबांनी हिवाळ्यात नव्याने शिवली होती, चार पदरी शिवण, पट्टीने आखल्यासारखी सरळ. तिने काच जवळ नेली. वरचे दोन पदर तुटून त्यांची टोकं आत दुमडली गेली होती. तिसऱ्यात टाके पडलेच नव्हते, सुई कापडातून जाऊन रिकामीच आली होती. चौथ्यात बोटभर जागेत दोरा शिल्लक होता. सकाळी आठ किलो वजन घेऊन ही पिशवी त्या बोटभर दोऱ्यावर लोंबकळत होती, आणि ती चष्म्यापायी दोर धरून थांबली असताना आणखी थोडा वेळ लोंबकळत राहिली होती, आणि काका खांबाकडून परत येऊन तिच्याखाली उभे राहिले होते, कारण पडायचं ते पडून गेलं असंच दोघांनी धरलं होतं.

तिने एक झटका दिला. दुसऱ्याची गरज पडली नाही. कडी तिच्या हातात आली.

बाबांनी तोंड फिरवलं. "आज हीच सुटली असती," ते म्हणाले. ती कडी हातात धरून बसली. एकदा तिला वाटलं, झालं ते झालं, काका धडधाकट घरी गेले, आता नवी कडी शिवून घ्यायची आणि गप्प बसायचं. आता कशाला कुणाला सांगायचं? काही पडलं तर नाही ना.

तिने फोन उचलला.

काका उशिराच जेवायला बसले होते बहुतेक, मागे ताटाचा आवाज येत होता. "बोल गं. गोदामात पोचलीस का?"

"काका," ती म्हणाली. "पडलं."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा. मग दोन पावलांचा.

"हं, टेकलो भिंतीला," काका म्हणाले. "आता सांग, काय पडलं?"